नेक्सॉन की ब्रेझा? आधी गिअर ठरवा, गाडी मागाहून

मी एका सहकारी बँकेत वाहनकर्जाचं टेबल सांभाळते. माझ्यासमोर बसणारी माणसं बऱ्याचदा दोन कोटेशनं घेऊन येतात, एक टाटा नेक्सॉनचं आणि एक मारुती ब्रेझाचं. फॉर्म भरता भरता प्रश्न येतोच, "मॅडम, तुम्ही कुठली घेतली असती?" मी ब्रेझा ऑटोमॅटिक घेतली आहे. धाकटी बहीण वाईत राहते आणि पाचगणीच्या शाळेत शिकवते. तिला मीच नेक्सॉन डिझेल घ्यायला लावली, तीही मॅन्युअल. दोघींचं आपापल्या गाडीशी छान जमलंय. त्यामुळे समोरच्याला मी उत्तराऐवजी उलट प्रश्नच विचारते: रोज कुठून कुठे जाता, आणि गाडीत कोण बसतं?

ठरवायचा क्रम असा ठेवा: रोजचा रस्ता, गिअर, इंधन, मग गाडी, मग व्हेरियंट आणि सगळ्यात शेवटी रंग. शोरूममध्ये हा क्रम बरोबर उलटा चालतो. तिथे पहिला प्रश्न असतो, "सर, कलर कुठला बघताय?"

रोजचा रस्ता कागदावर उतरवा

एका साध्या आठवड्याचा हिशोब लिहा. सोमवार ते शनिवार किती किलोमीटर, त्यातले किती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे कोण बसतं, गाडी रात्री कुठे उभी राहते. गणपतीला कोकणात जाणं आणि मे महिन्यातलं महाबळेश्वर यात धरू नका. लोक वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी गाडी निवडतात आणि उरलेलं वर्षभर दांडेकर पुलाच्या सिग्नलला क्लच दाबत बसतात.

माझा कागद असा होता: धायरी ते शिवाजीनगर, येऊन-जाऊन पंचवीसेक किलोमीटर. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला तरी राजाराम पुलापासून पुढे रांग आहेच. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, त्यांना आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला न्यायचं. सोसायटीचं पार्किंग तळघरात, आणि रॅम्प इतका चढा की वरून समोरचा खांबच दिसत नाही. बहिणीचा कागद वेगळा: वाई ते पाचगणी, बारा-तेरा किलोमीटर, आणि जवळजवळ सगळाच पसरणीचा घाट. पावसाळ्यात धुकं. गाडीत बहुतेक वेळा आणखी दोन शिक्षिका. शनिवारी सातारा किंवा पुणे.

हे दोन कागद शेजारी ठेवले की निम्मा निकाल लागतो.

गिअर

यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात, आणि रोजच्या रोज अंगाला लागतो तो हाच भाग. ऑटोमॅटिक म्हटलं की सगळ्या सारख्याच, असं समजू नका. या दोन गाड्यांत मिळून तीन प्रकारच्या ऑटोमॅटिक आहेत.

ब्रेझामध्ये टॉर्क कन्व्हर्टर, सहा गिअर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलातून जोर पोचतो, त्यामुळे झिजायला मॅन्युअलसारखी क्लचची प्लेट नाही. ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते, रांगेत पाऊल फक्त ब्रेकवर ठेवायचं. किंचित पेट्रोल जास्त खाते, एकदम दाबलं तर क्षणभर विचार करून मग पळते. मला पळायचं नसतंच, मला अलका चौकापर्यंत डोकं शाबूत ठेवून पोचायचं असतं.

नेक्सॉनमध्ये दोन पर्याय. पहिला एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. स्वस्त पडतो आणि मायलेज मॅन्युअलच्या जवळपास राहतं. पण गिअर बदलताना जोर क्षणभर तुटतो आणि बसलेल्यांची डोकी पुढे डुलतात. मोकळ्या रस्त्यावर त्याची सवय होते, मुंगीच्या चालीने चालणाऱ्या गर्दीत नाही. दुसरा डीसीए, दोन क्लचचा. एका क्लचवर एकी गिअर, दुसऱ्यावर बेकी, म्हणजे पुढचा गिअर आधीच तयार. क्लच तेलात बुडालेले असल्यामुळे कोरड्या क्लचपेक्षा कमी तापतात. चालवायला मजा येते यात शंका नाही. मात्र हा फक्त टर्बो (जास्त हवा कोंबून जोर वाढवणाऱ्या) पेट्रोल इंजिनावर मिळतो आणि किंमत वर जाते. डिझेल नेक्सॉन ऑटोमॅटिक हवी असेल तर एएमटीच घ्यावी लागते.

मॅन्युअलच घ्यायची असेल तर दोन्हींचा क्लच पाठोपाठ दाबून बघा. ब्रेझाचा हलका लागतो. गर्दीतल्या तासाभरानंतर हा फरक डाव्या गुडघ्याला कळतो, शोरूमच्या पाच मिनिटांत कळत नाही.

परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरी मागवा, बहुतेक डीलर पाठवतात. संध्याकाळी साडेसहाला तुमच्याच रस्त्यावर न्या, एसी चालू ठेवून, मागे माणसं बसवून. मग आपल्या पार्किंगच्या रॅम्पवर मध्येच थांबा आणि ब्रेक सोडा. हिल होल्ड गाडीला दोन-तीन सेकंद धरून ठेवतो, त्यानंतर काय होतं ते बघा. टॉर्क कन्व्हर्टर बहुधा तशीच वर सरकते. एएमटीला ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि मागे खांब असला की पोटात गोळा येतो. शेवटी रिव्हर्समध्ये चढावर घ्या. माझा निर्णय त्या रॅम्पवरच झाला.

बहिणीने मात्र ऑटोमॅटिकचा विचारच केला नाही, आणि ते योग्य होतं. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनाने धरून ठेवायची असते, नाहीतर ब्रेक तापतात. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हाताने धरता येतो, पण तिचा हात मॅन्युअलवर बसलेला आहे. रोजच्या घाटात नवीन सवय कशाला लावायची?

इंजिन आणि इंधन

ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसीचं, चार सिलिंडर, टर्बो नाही. जोर १३७ न्यूटन मीटर, तोही ४४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेतं तेव्हा. नेक्सॉनचं पेट्रोल ११९९ सीसीचं, तीन सिलिंडर, टर्बोसह. जोर १७० न्यूटन मीटर, साधारण १७५० आरपीएमपासून. डिझेल १४९७ सीसीचं, १५०० आरपीएमपासूनच २६० न्यूटन मीटर.

हे आकडे रस्त्यावर असे दिसतात. सिग्नल सुटला, वीस फूट गेलात, परत थांबलात, या खेळात ब्रेझाचं चार सिलिंडरचं इंजिन मऊ आणि शांत चालतं. टर्बो पेट्रोल १५०० आरपीएमच्या खाली थोडं सुस्त असतं, मग एकदम जागं होतं, आणि थांबलेलं असताना तीन सिलिंडरची थरथर थोडी जाणवते. घाटात चित्र उलटं. पसरणीच्या वळणावर वेग पंधरावर येतो, गाडीत चार माणसं, समोर एसटी. तिथे डिझेल नेक्सॉन दुसऱ्या गिअरमध्ये काही न बोलता वर निघते. ब्रेझाला त्याच जागी पहिला गिअर किंवा जास्त ॲक्सिलरेटर लागतो आणि इंजिन ओरडतं.

डिझेल घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे पैसे. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला एकरकमी रस्ता कर पेट्रोलवर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के. १० ते २० लाखांत १२ आणि १४. मूळ किंमतही जास्त. समजा सगळं धरून डिझेल १ लाख ३० हजारांनी महाग पडली. पेट्रोल गाडीने शहरात लिटरला १२ किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर किलोमीटरला पावणेनऊ रुपयांच्या आसपास. डिझेलने १७ दिले आणि डिझेल ९१ धरलं, तर साडेपाचच्या आतच. वाचले सव्वातीन रुपये. म्हणजे चाळीस हजार किलोमीटर झाल्यावर पैसे वसूल. महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेपाच वर्षं लागतील, १५०० चालवणाऱ्याला सव्वादोन. तुमचे आकडे घालून हेच गणित मांडा. टेबलावर मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवते, तेव्हा डिझेलचा हट्ट बरेचदा तिथेच विरतो.

दुसरी गोष्ट डीपीएफ. हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते. धूर पुरेसा गरम झाला की अडकलेली काजळी जळून जाते. बहिणीची गाडी रोज घाट चढते, जाळी आपोआप साफ होते. धायरी-शिवाजीनगर असं रेंगाळणाऱ्या गाडीत ती भरत जाते, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तुम्हाला रविवारी विनाकारण हायवेला फिरून यावं लागतं. नुसतं शहरात चालवणार असाल तर डिझेल घेऊ नका, कितीही जोर आवडला तरी.

सीएनजी दोन्हींत मिळते. ब्रेझा सीएनजीचा कंपनीने सांगितलेला आकडा किलोला २५.५१ किलोमीटर. पण डिकीत एक मोठं सिलिंडर बसतं आणि डिकी म्हणायला उरते. नेक्सॉनमध्ये दोन छोटी सिलिंडरं डिकीच्या तळाशी आडवी बसवली आहेत, त्यामुळे ३२१ लिटर जागा राहते, शिवाय इंजिन टर्बो. त्यामुळे सीएनजीच घ्यायची असेल तर माझा कौल सरळ नेक्सॉनला. फक्त आधी एकदा तुमच्या वाटेवरच्या पंपाची रांग सकाळी आणि रात्री बघून या, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते हे डोक्यात ठेवा.

माणसं बसवून बघा

दोन्ही गाड्या लांबीला ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर सरकार तिला छोटी गाडी मानतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना १८ टक्के जीएसटी, बाकीच्यांना ४०. नेक्सॉन दोन्ही इंजिनांसह छोट्या गाडीत बसते. ब्रेझा लांबीत बसते आणि १४६२ सीसीमुळे बाहेर पडते, म्हणून तिला ४० टक्के. सारख्या आकाराच्या गाडीला इतका कर का, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. सेससकट तिच्यावर पूर्वी ४५ टक्के होता, त्यामुळे तीही थोडी स्वस्त झाली, नेक्सॉन जास्त झाली.

आत बसण्याचा फरक मात्र उंचीत आहे. ब्रेझा १६८५ मिलिमीटर, नेक्सॉन १६२०. ब्रेझात सीटवर सरळ बसता येतं, काचा मोठ्या, दार चौकोनी. सासूबाईंना मी दोन्ही शोरूममध्ये नेलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त मागच्या सीटवर बसल्या आणि उतरल्या, परत बसल्या. नेक्सॉनमध्ये डोकं वाकवावं लागलं. "ही नको गं," एवढंच म्हणाल्या. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर ब्रोशर घरी ठेवा आणि त्यांना सोबत न्या.

ड्रायव्हरच्या सीटवरून पुढच्या काचेचा खांब बघा. नेक्सॉनचा जाड आहे, वळताना त्याच्या आड दुचाकी लपू शकते. पुण्यात दुचाकी कुठून येईल सांगता येत नाही, तेव्हा मान पुढे काढून बघायची सवय लावावी लागते. एसीचं बघा: ब्रेझात फिरवायची-दाबायची बटणं आहेत. २०२३ च्या नव्या नेक्सॉनमध्ये पट्टी स्पर्शाची आहे, पंखा आणि तापमानाला तेवढे खटके. चालत्या गाडीत न बघता हात कुठे पडतो, हे दोन्हींत करून पाहा.

नेक्सॉनची डिकी ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८. गाडीखालची मोकळीक नेक्सॉनमध्ये २०८ मिलिमीटर, ब्रेझात १९८. सोसायट्यांनी स्वतःच्या मर्जीने बांधलेल्या गतिरोधकांवर दोन्ही चालतात. रुंदीतला फरक चौदा मिलिमीटर, तो विसरा.

सनरूफबद्दल मला विचारू नका. एप्रिलमध्ये त्याचा पडदा बंदच असतो आणि बाकी वेळ मुलं त्यातून डोकं बाहेर काढतात, तेही चालत्या गाडीत.

सुरक्षा

इथे नेक्सॉन पुढे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करावं. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचणीचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी, आणि २०२४ मध्ये नव्या रूपालाही भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले. २०१८ मध्ये विटारा ब्रेझाला चार तारे मिळाले होते. ते जुन्या मॉडेलचे, २०२२ नंतरच्या ब्रेझाला कुणी ते चिकटवून सांगत असेल तर ऐकू नका. सहा एअरबॅग आता दोन्हींच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत. तुमचा रोजचा रस्ता हायवेचा असेल, म्हणजे खंबाटकी, कात्रजचा नवा बोगदा, मुंबईचा एक्स्प्रेसवे असं काही, तर हा मुद्दा गिअरच्याही वर ठेवा. माझा वेग तीसच्या पुढे क्वचित जातो, म्हणून मी तो खाली ठेवला. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर तारे मोजण्यात अर्थ नाही.

सर्व्हिस

देशभरात किती सर्व्हिस सेंटर आहेत हे तुमच्या कामाचं नाही. तुमच्या घराजवळचं एक कसं आहे, तेवढं बघा. शनिवारी सकाळी तिथल्या वेटिंग रूममध्ये अर्धा तास बसा आणि शेजारच्याला विचारा: गाडी सांगितलेल्या वेळी मिळते का, बिल आधी सांगितल्याएवढंच येतं का, तेच काम घेऊन परत यावं लागलं का. लोक आनंदाने सांगतात, थांबवावं लागतं. बहिणीच्या बाबतीत वाईहून साताऱ्याला जावं लागणार होतं, तर तिने आधी तिथल्या दोन्ही सेंटरना जाऊन हे केलं.

कोटेशन वाचताना

हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं रेंगाळते. दोन कोटेशनांच्या शेवटच्या आकड्यांची तुलना करू नका, ओळीला ओळ लावा. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग या ओळी असणारच. १० लाखांच्या वर एक्स-शोरूम असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, फक्त पॅन नंबर बरोबर दिलाय ना ते बघा. "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ दिसली की ती काढायला सांगा. बहुतेक वेळा निघते. ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलंच पाहिजे असं कुणी म्हणालं तर लेखी मागा.

इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची लागते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची एका वर्षाची चालते. बाहेरून दोन कंपन्यांचे आकडे काढा आणि शोरूमला दाखवा, तिथल्या तिथे कमी होतात. झिरो डेप्रिसिएशन घ्या, म्हणजे भरपाईतून सुट्या भागांची झीज कापली जात नाही. तळघरात गाडी लावत असाल तर इंजिन प्रोटेक्शनही घ्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं. पाणी गेलेली गाडी चालू करून बघितली आणि इंजिन गेलं, तर साधी पॉलिसी बहुतेक वेळा ते नुकसान भरून देत नाही.

व्हेरियंटबाबत एकच सांगते: सगळ्यात वरचा घेऊ नका, खालून दुसरा-तिसरा घ्या. वाचलेले पैसे डाऊन पेमेंटमध्ये घाला.

ताबा घेण्याआधी

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी न्यायची असेल तर जरूर न्या, पण तपासणी दोन दिवस आधी, यार्डात, दिवसाउजेडी करा. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये इतकी गर्दी असते की हार घालून तुम्हाला बाहेर काढतात. चॅसिस नंबर कोटेशनशी आणि विम्याच्या कागदाशी ताडून बघा आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लेखी घ्या. टायरवर चार आकडे असतात, ३१२५ म्हणजे २०२५ चा एकतिसावा आठवडा. चारही टायर आणि स्पेअर जवळपासच्या तारखांचे हवेत. स्पेअर चाकच आहे की पंक्चर किट, हेही तिथेच कळेल. दारांच्या कडांवरचा रंग बोट फिरवून बघा, चारही काचा खालीवर करा, एसी पाच मिनिटं चालवा, किलोमीटरचा आकडा फोटोत घ्या. काही खटकलं तर दुसरी गाडी मागा. नोंदणी व्हायच्या आधी ती बदलून मिळते, नंबर पडला की विषय संपतो. म्हणून आरटीओचे पैसे तपासणीनंतरच भरा, आणि आमच्यासारख्या बँकेला डीलरच्या नावाने पैसे सोडायचा निरोपही त्यानंतरच द्या.